ओठ आणि बोट यांच्यामधला टेकू

मेडनहेडच्या थोडं पुढे, टेम्स जिथे आळस दिल्यासारखी वळते, तिथल्या जुन्या दफनभूमीत संगमरवराची एक मुलगी दीडशेहून जास्त वर्षं एकाच उद्योगात गुंतलेली आहे. वय नऊ-दहा असेल. डावा हात फ्रॉकच्या घडीत, उजवा हनुवटीसमोर उचललेला, बोटं अर्धवट मिटलेली, तर्जनी तेवढी वर. आणि त्या तर्जनीच्या टोकापासून खालच्या ओठापर्यंत गेलेली दगडाचीच एक काडी, पेन्सिलीएवढी. गावातली मुलं तिला स्ट्रॉ-गर्ल म्हणतात. म्हाताऱ्यांचं म्हणणं, ती पावा वाजवतेय. एलिशेबा रोहेकर म्हणायची, ती शहाळं पितेय.

एलिशेबा मूळची रेवदंड्याची, बेने इस्रायली ज्यू. लग्न होऊन इंग्लंडला आली आणि जवळच्याच इस्पितळात नर्स झाली. दुपारी डबा घेऊन ती या मुलीसमोरच्या बाकावर बसायची. शाळेला सुट्टी असली की तिची मुलगी तमार बरोबर असायची.

"शहाळेवाला लबाड होता," एलिशेबा भाताचा घास भरवत सांगायची. "पोरीच्या हातात नळी दिली आणि शहाळं घेऊन पळाला. बघ, अजून वाट बघतेय बिचारी."

"मग ती रडत का नाही?"

"रडेल कशाला? येईल की तो. चल, तोंड उघड."

तमारनं पुढे दगडाच्या डागडुजीचं शिक्षण घेतलं, केंब्रिजला घर केलं, चर्चमधले संत, पुलांवरचे सिंह, कारंज्यांतले मासे धुतले, सांधले, सावरले. हे सगळं कुठून सुरू झालं असं कोणी विचारलं की ती कुठल्यातरी प्राध्यापकाचं नाव सांगायची. खरं उत्तर ते बाक होतं. एलिशेबा जाऊन आता दोन हिवाळे उलटले होते. आणि मुलीच्या ओठापासची ती काडी कापून टाकायचं काम तमारच्या हाती आलं होतं.

दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. ती काडी म्हणजे काडी नव्हेच, टेकू आहे, हे शोधून काढलं होतं तमारनंच.

पुतळा ज्यानं घडवला, त्याचं नाव आम्ब्रोझ रायनेल्ट. उत्तर बोहेमियात, एल्ब नदीच्या काठच्या वालुकाश्माच्या डोंगरांत जन्मलेला, जर्मन बोलणाऱ्या गवंड्याचा मुलगा. बाप नाताळच्या देखाव्यासाठी लाकडाच्या मेंढ्या कोरायचा; पोरानं मेंढ्यांना पापण्या कोरल्या तेव्हा त्याला प्रागच्या अकादमीत धाडलं. तिथून रोम, रोमहून परत प्राग. मोठी कामं त्याला फारशी मिळाली नाहीत. पुलांवरचे संत मिळाले ते दुसऱ्यांना. याच्या वाट्याला आली थडगी, त्यातही लहान मुलांची जास्त. त्याच्या मुलखात मुलं लाल किड्याला बोटावर चढवतात आणि हळूच फुंकर घालतात, तो कुठल्या दिशेला उडतो ते बघतात. रायनेल्टनं कोरलेल्या दोन मुलांच्या थडग्यांवर तसा किडा आहे, वाटाण्याएवढा. हॉब्डे नावाच्या इंग्रज दारू-उत्पादकाला यातलं एक थडगं प्रवासात दिसलं. त्याची मुलगी लूसी नुकतीच गेली होती. त्यानं तिथल्या तिथे लूसीचा पुतळा सांगितला.

पुतळा प्रागमध्ये घडला आणि पाण्यानं आला. आधी प्रागची नदी आणि एल्ब, मग समुद्र, मग टेम्स. इतक्या लांब संगमरवर पाठवायचा तर नाजूक जागी टेकू सोडण्याची रीत आहे. बोट आणि ओठ, कोपर आणि कंबर, असे अधांतरी भाग एकमेकांना बारीक दगडी पट्टीनं बांधून ठेवायचे, म्हणजे हिसक्यानं मोडत नाहीत. पुतळा जागेवर उभा राहिला की शिल्पकारानं किंवा त्याच्या माणसानं येऊन टेकू कापायचे, खुणा घासून काढायच्या. लूसीच्या कोपरापाशी आणि केसांच्या फितीपाशी असे टेकू कापल्याच्या खुणा तमारला तिरप्या उजेडात दिसल्या. ओठापासचा मात्र तसाच राहिला होता. त्याच्यावर दातेरी छिन्नीचे ओरखडे होते, बाकी अंगासारखी घोटाई नव्हती.

रायनेल्ट पुढच्या उन्हाळ्यात लंडनला उतरला होता, एवढी नोंद होती. तापानं पडला आणि परत गेला, अशीही होती. तमारनं अहवालात दोन्ही जोडून लिहिलं: शिल्पकार इथवर पोचलाच नाही, गावच्या पाथरवटानं सोपे टेकू कापले, चेहऱ्याजवळचा कापायला धजला नाही, तेव्हा सध्याचं रूप शिल्पकाराला अभिप्रेत नाही. टेकूच्या मुळाशी, बोटाच्या टोकावर, एक फुगवटा होता. आत किडा कोरलाय की नुसताच दगड आहे, ते कापल्याशिवाय कळणार नव्हतं.

दफनभूमी सांभाळणाऱ्या ट्रस्टला हे फार आवडलं. रायनेल्टच्या गावची माणसं पुढच्या महिन्यात पाहुणी येणार होती. काम पुरं करून त्यांना दाखवावं, असं ठरलं. काम कोणाला द्यायचं हा प्रश्नच आला नाही.

आदल्या रात्री तमार मेडनहेडला वडिलांकडे मुक्कामाला होती. सकाळी एफ्राईमनं चहा ठेवला, नारळीभाताचा डबा भरला आणि कोट घालून दारात उभा राहिला.

"पप्पा, तुम्ही कुठे?"

"तुझ्याबरोबर. आईच्या वतीनं कोणीतरी हजर पाहिजे."

"Please, हे आईबद्दल नाहीये. त्याची काम अर्धी राहिली. मी ती पूर्ण करतेय, that's all."

"त्याचं काम. अर्धं." एफ्राईमनं मफलर गुंडाळला. "दुधाचा दात हलायला लागला की तू शेजारच्यांना ऐकू जाईल एवढी रडायचीस. आता दुसऱ्याच्या पोरीच्या ओठापाशी करवत घेऊन निघालीस."

"तुम्हाला वाटतं मी कापू नये."

"माझ्या वाटण्यावर ट्रस्ट चालतो का?"

गाडी निघाली. दफनभूमीचं फाटक दिसल्यावर एफ्राईम म्हणाला, "शहाळं-बिहाळं काही नाही, हे तुझ्या आईला कळत नव्हतं असं नाही हां. पण मी रविवारी तिथे जाऊन बसतो तेव्हा मला ती मुलगी शहाळं पितानाच दिसते. आता उद्यापासून हवेत फुंकर मारताना बघायची. बघेन. सवय होईल."

तमारनं गाडी आत वळवली. पूर्ण वाक्य मराठीत जुळवायला तिला वेळ लागायचा. आणि वडील अगदी बरोबर जागी बोलले होते. टेकू कापला की आईची गोष्ट संपली. सांगायला ती गोष्ट राहील, पण दाखवायला काही राहणार नाही. आणि न कापावा, तर ज्या एका गोष्टीवर तिनं आयुष्य काढलं, की दुसऱ्याच्या कामात आपलं मन घुसडायचं नाही, तीच गोष्ट खोटी.

पुतळ्याभोवती परांची बांधून वर पांढरं कापड ताणलं होतं. आत शिरलं की बाहेरचं जग पुसून जायचं. त्या दिवशी नदीवरून धुकं चढलं होतं, ते कापडातून झिरपल्यासारखं आत आलं. वरून येणारा उजेड दुधासारखा, खाली चिखलानं भरलेलं गवतही पांढुरकं. तमार परांचीवर चढली आणि लूसी हॉब्डेच्या चेहऱ्यासमोर बसली. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर. इतक्या जवळून त्या चेहऱ्याला वय राहत नसे.

करवत तारेची होती, केसासारखी. ती लावण्याआधी टेकूची खालची बाजू धुवायला हवी होती. वरची बाजू, दोन्ही कडा तिनं आधीच साफ केल्या होत्या. खालचं काळं पुट मात्र राहू दिलं होतं, कारण खालून दाब पडला तर टेकू मोडायचा. आता तो जाणारच होता, म्हणून जपायचं कारण उरलं नव्हतं. तिनं लेपाची पट्टी खालून चिकटवली आणि तो भिनेपर्यंत वाट बघत बसली.

वाट बघण्यात तिच्या कामाचा निम्मा वेळ जायचा. त्या वेळात डोळे उघडे ठेवून दूर जाण्याची तिला सवय होती. आज ती एल्बवर गेली. गवतानं गच्च भरलेली एक उभी पेटी, पेटीत काळोख, काळोखात ही मुलगी. बाहेर नावाडी जर्मनमध्ये काहीतरी म्हणतोय, मग झेकमध्ये, मग पुन्हा जर्मनमध्ये. वालुकाश्माचे सुळके दोन्ही काठांनी मागे सरतात. त्यांच्यातल्या एका खाणीत एक माणूस हातातली छिन्नी खाली ठेवतो आणि नावेकडे बघतो. अंगभर पिवळट भुकटी, पापण्यांवरसुद्धा. मग नदी रुंद होते, खारट होते, नदी राहतच नाही. पेटी हिंदकळते. मुलीचं बोट ओठाला बांधलेलं आहे, ओठ बोटाला. फुंकर घालायची आहे, पण आत्ता नाही. पोचल्यावर. तिनं श्वास धरून ठेवलाय. समुद्र सरतो, पाणी परत गोडं होतं, काठावर वाळुंजाची झाडं येतात, गायी येतात, आणि तिला कळतही नाही की झोपेत नदी बदलली.

पिवळ्या भुकटीतला माणूस आता परांचीच्या खाली उभा होता. तमारनं त्याच्याकडे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तो नसता, हे तिला ठाऊक होतं. म्हणून पाहिलं नाही. तो काही बोलत नव्हता. आपलं काम दुसऱ्याच्या हाती पाहताना कारागीर जसा जिभेवर ताबा ठेवून उभा राहतो, तसा होता.

"त्याला चहा विचार," खालून एफ्राईम म्हणाला.

तमार दचकली. "कोणाला?"

"ते ट्रस्टचे साहेब आलेत ना, प्रायर. कापडाच्या बाहेर उभे आहेत. आत येऊ का विचारतायत."

"पाच मिनिटं सांगा, पप्पा. प्लीज."

तिनं लेप सोलून काढला. काळं पुट त्याच्याबरोबर निघालं. कापसाच्या बोळ्यानं तिनं उरलेला गाळ टिपला, आरसा खाली धरला, आणि तिचा हात थांबला.

टेकूच्या खालच्या अंगाला, बोटाच्या जवळ, एक आडवी खाच होती. सरळ, अरुंद, करवतीची. टेकूच्या पाव जाडीपर्यंत गेलेली.

म्हणजे कोणीतरी कापायला घेतलं होतं.

आधी तिला बरंच वाटलं. हात हलका झाला. टेकू कापायचाच होता याचा याहून पक्का पुरावा कुठला हवा? तिनं करवतीची तार उचलली आणि खाचेत बसते का ते पाहू लागली. तार आत सरकली, पण सैल बसली. खाचेच्या कडा धारदार नव्हत्या. तिनं तार ठेवली, हातमोजा काढला आणि करंगळीचं टोक खाचेवरून फिरवलं.

कडा गोल होत्या. पावसानं झिजून गोल होतात तशा नव्हे. पावसानं दगड साखरेसारखा खडबडीत होतो. या गुळगुळीत होत्या. दोन्ही कडा कोणीतरी सावकाश घोटून मऊ केल्या होत्या, खाचेच्या तळापर्यंत. अशी घोटाई या पुतळ्यावर तिनं दुसऱ्या एकाच ठिकाणी पाहिली होती. कानाच्या मागे, जिथे कोणाचं लक्ष जाणार नव्हतं.

कापायची राहिलेली जागा कोणी घोटत बसत नाही. खाच तशीच धारदार सोडली तर एखाद्या थंडीत तिथून चीर जाते आणि टेकू आपोआप तुटतो. तसा तो तुटू नये म्हणून ज्यानं कापायला घेतलं त्यानंच, किंवा त्याच्यामागून दुसऱ्या कोणी, तो कायमचा राहील अशी तजवीज केली होती.

तमार परांचीच्या फळीवर मागे सरकून बसली. पांढऱ्या कापडावर उजेड जरा हलला. आता तिला खाली दोन माणसं दिसत होती, तिच्या वडिलांना न दिसणारी: पिवळ्या भुकटीतला एक, तापातून नुकता उठलेला, हातात करवत, आणि काळ्या कपड्यांतली एक बाई, परांचीचा खांब धरून उभी. करवतीचा आवाज सुरू झाला होता. बाई काहीतरी म्हणाली. इंग्रजीत म्हणाली असेल, त्याला इंग्रजी येत नसेल. पण त्यानं इतकी मुलांची थडगी कोरली होती, की आईच्या आवाजातलं त्याला कुठल्याही भाषेत कळलं असतं. टेकू असेतोवर श्वास धरलेला; फुंकर सुटली की गेली. त्यानं करवत काढून घेतली. मग बराच वेळ, कदाचित उजेड जाईपर्यंत, तो खालून कडा घोटत राहिला.

हे सगळं तिनं पाहिलं. आणि लगेच स्वतःला विचारलं, हे मी दगडात वाचतेय की मला हवंय म्हणून दिसतंय?

घरात कोणी खोटं बोललं की एलिशेबा दुसऱ्या साक्षीदाराला बोलवायची. तमार खाली उतरली, कापड बाजूला केलं आणि म्हणाली, "मिस्टर प्रायर, जरा वर याल?"

ट्रस्टचे अध्यक्ष प्रायर यांचं आयुष्य विमा कंपनीत गेलेलं. उंच, वाळलेला, कोरडा माणूस. "मला कलेतलं काही कळत नाही," ते शिडी चढता चढता म्हणाले. "म्हणूनच मला अध्यक्ष केलं. बाकीच्यांना कळतं, त्यामुळे त्यांचं एकमेकांशी पटत नाही."

"कळायला नकोच आहे. हातमोजा काढा. टेकूच्या खाली बोट घाला. काय लागतं ते सांगा. मी काही बोलणार नाही."

प्रायरनी तिच्याकडे पाहिलं, मग मोजा काढला. खाली एफ्राईम डब्याचं झाकण हातात धरून मान वर करून उभा होता.

"खाच आहे," प्रायर म्हणाले.

"पुढे?"

"कोणीतरी कापायला घेतलेलं दिसतं. पण तुमच्या अहवालात तर..." ते थांबले. बोट पुन्हा मागेपुढे केलं. या वेळी जास्त सावकाश. "माझ्या नातवंडांच्या पाळण्याच्या कडा मी अशा घासल्या होत्या," ते शेवटी म्हणाले. "लागू नये म्हणून."

तमारनं रोखून धरलेला श्वास सोडला.

"म्हणजे त्यानं विचार बदलला," प्रायर म्हणाले.

"त्यानं की दुसऱ्या कोणी, ते मी सांगू शकत नाही. घोटाई त्याच्या हातासारखी दिसते, पण मी शपथ घेणार नाही. एवढं नक्की, की टेकू चुकून राहिलेला नाही. माझा अहवाल चुकलाय. तो इथवर पोचलाच नाही असं मी लिहिलं, ते मला खोडावं लागेल. खालची बाजू न बघता मी निष्कर्ष काढला."

"पाहुणे यायचे आहेत, मिस रोहेकर. आमंत्रणात 'पूर्ण झालेलं शिल्प' असं छापलंय."

"मग दुसरं कोणी बघा. मी नाही कापणार."

"आणि बोटावरचा किडा?"

"असेल. नसेलही. ते कळणार नाही."

प्रायरनी मोजा घातला, एकेक बोट नीट बसवलं. लूसीकडे पाहिलं, आणि मग जरा अवघडल्यासारखी नजर वळवली. "समितीला मी सांगतो, की अध्यक्षांनी स्वतः तपासणी केली. त्यांना धक्का बसेल. वादही घालतील. पण बोट घालायला प्रत्येकाला शिडी चढावी लागेल, आणि माझ्याखेरीज सगळ्यांचे गुडघे गेलेत."

ते गेल्यावर एफ्राईमनं वर हाक मारली. "काय झालं गं? इंग्रजीत भराभर बोलता, मला निम्मं ऐकू येत नाही."

"नाही कापणार, पप्पा."

"माझ्यासाठी नको हां," तो म्हणाला. "मी सकाळी काय बोललो ते बोललो. आईसाठीपण नको. ती चिडली असती."

"तुमच्यासाठी नाही. वर या, हात लावून बघा."

"मी या वयात शिडी चढू? तूच सांग."

तिनं सांगायचा प्रयत्न केला. खाच, कडा, घोटाई. मराठी शब्द अडले तिथे इंग्रजी घातले, आणि जिथे इंग्रजीही पुरेना तिथे अंगठा तर्जनीवर घासून दाखवला. एफ्राईमनं ते नीट पाहिलं, मग स्वतःचा अंगठा तसाच तर्जनीवर फिरवला, दोन-तीनदा.

"कापायला आला होता, आणि हे करून गेला," तो म्हणाला.

"असं दिसतं."

"कशानं थांबला असेल?"

"माहीत नाही, पप्पा."

"तुला वाटतं काय?"

तमारनं वर पाहिलं. कापडापलीकडचं धुकं विरळ होत होतं; आतला पांढरेपणा हळूहळू साधा दिवसाचा उजेड होऊ लागला होता आणि परांचीचे खांब, दोऱ्या, बादली, सगळं जागच्या जागी उमटत होतं. तिला मघाशी दिसलेल्या दोघांपैकी आता कोणी तिथे नव्हतं.

"वाटणं मी अहवालात लिहू शकत नाही," ती म्हणाली.

"मी अहवाल मागितला नाही."

"तिच्या आईनं थांबवलं असेल."

एफ्राईमनं मान डोलावली. त्यानं बाकावर रुमाल अंथरला, डबा ठेवला आणि दोन चमचे काढले. "ये, खाऊन घे. गार झाला."

"तुम्ही सुरू करा. खाचेत अजून काळं राहिलंय, आत ओल धरेल."

तिनं करवतीची तार गुंडाळून पेटीत टाकली, स्वच्छ बोळ्यांची पिशवी घेतली आणि ती पुन्हा वर चढली.